उगं राहण्याविषयी

खानापूरच्या आमच्या चर्चचा सेक्रेटरी मी, सतरा वर्षं.
रजिस्टर माझ्याकडं, कपाटाची किल्ली शलोमीबाईंकडं,
कारण झाडतात त्या.

त्या रविवारी धारवाडहून रेव्हरंड मादर आले.
अर्धी मंडळी कानडी, अर्धी आमची;
खिडकीकडं आम्ही, पंख्याकडं ते,
आणि मधे, वेदीच्या एक पायरी खाली,
दुभाषी म्हणून शलोमी घस्ते.
एक पायरी खाली, हा कमिटीचा ठराव.
अक्षर माझंच आहे.

माहेर गोकाक, सासर कुप्पटगिरी.
आठवडाभर तहसीलच्या आवारात चिंचेखाली
पत्र्याच्या पेटीवर कागद ठेवून
म्हाताऱ्यांचे अर्ज कानडीत लिहून देतात.
वहिवाट आणि मालकी यांत एका शब्दाचं अंतर,
त्या अंतरात कुणाचे चार गुंठे गेलेले पाहिलेत त्यांनी.
म्हणून शब्द आधी उचलून बघतात,
बाजारात कोंबडी उचलावी तसा.

रेव्हरंडांनी करिंथच्या मंडळीला लिहिलेलं पत्र उघडलं.
म्हणाले, हेंगसरु सभेयल्ली सुम्मनिरबेकु.
आणि थांबले, मागून मराठी यावी म्हणून.

मराठी आली नाही.
पंखा फिरत होता.
कुणाचं तरी पोर दानाचं नाणं फरशीवर घासत होतं.

मग त्यांनी विचारलं, कानडीतच, हळू:
अय्यनवरे, सुम्मने म्हणजे कुठलं?
गप्प, की विनाकारण?
(सुम्मने बंदे, म्हणतो ना आपला शेजारी दारात उभा राहून,
सहज आलो, काम काही नाही.)

रेव्हरंड रागावले नाहीत, हे मी लिहायला हवं होतं.
चष्मा पुसला. म्हणाले, मूळ ग्रीक आहे, बाई.
मलाही दोन पायऱ्या लांबूनच ऐकू येतं.

मग कुणाला लिहिलं, ते तरी सांगा.
कोण बोलत होतं तिथं, कशावरून?
नुसती मागणी वाचून निकाल देत नाहीत, अय्यनवरे,
मागचे कागद बघतात.

दावीद मास्तर बाकावरून ओरडले:
भाषांतर करा की हो, निवाडा कशाला!

तेव्हा त्या खिडकीकडं वळल्या:
बायकांनी सभेत उगं राहावं.

उगं.
रडणाऱ्या पोराला म्हणतो ते,
आणि काही कारण नसतं तेव्हा म्हणतो तेही.
अख्खं वाक्य, खणखणीत,
बाईच्या आवाजात, सभेत.

माझी आई, ऐंशीची, कानानं कमी, मोठ्यानं म्हणाली,
काय म्हणाली गं ती? परत सांग की.
त्यांनी परत सांगितलं.

पुढची चाळीस मिनिटं एकही शब्द गाळला नाही,
डोकं झाकण्याविषयीचाही.
पदर खांद्यावर आला होता, तो तिथंच राहिला.

नंतर सतरंजी गुंडाळताना मला म्हणाल्या,
रोमला पत्र पाठवलं त्यानंच ना, ते कुणाच्या हाती?
फीबीच्या, बहुतेक, मी म्हणालो. असं मानतात.
मग पोचल्यावर लोकांनी विचारलंच असेल की,
ह्या ओळीचा अर्थ काय, त्या ओळीचा काय.
ती उगं राहिली असेल?

मला माहीत नाही.
कुणालाच नाही, असं म्हणालो,
आणि सतरंजीचं दुसरं टोक धरलं.

रात्री रजिस्टरात लिहिलं:
रेव्ह. मादर यांचे प्रवचन झाले.
मराठी भाषांतर करण्यात आले.
करण्यात आले. कुणी केलं नाही,
चिंचेचा पाला गळावा तसं झालं.
मागची पानं चाळली. सतरा वर्षं गळतोय.

समासात नाव लिहिलं, शलोमी घस्ते,
पेन्सिलीनं.
खोडता यावं म्हणून की काय, मलाच सांगता येईना.

पुढच्या शनिवारी त्या झाडून गेल्या होत्या.
कपाटात रजिस्टर सरळ लावलेलं.
माझ्या पेन्सिलीखाली तेच नाव,
कानडीत,
शाईनं.